सोडलेला चहा

माझी बहीण गेली त्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयात होते. मेहकरहून मेहुण्यांचा फोन आला. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. हातातलं पुस्तक त्याच्या जागी लावलं, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन आईला सांगितलं.

सहा दिवसांचा ताप. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या आवडीची एखादी खायची वस्तू जवळच्यांनी सोडायची असते, कायमची. कोणी एखादी भाजी सोडतं, कोणी फळ. मी पुस्तकांत राहणारी बाई. असल्या रीतींवर माझा फारसा विश्वास नाही. तरी तेराव्याला गुरुजींनी विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, सीताफळ. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ती दुसरं काही जेवते की नाही असा प्रश्न पडावा, इतकी सीताफळं खायची. बिया अंगणात उडवायची आणि कोणाची लांब जाते यावरून माझ्याशी भांडायची, लग्न झाल्यावरसुद्धा. गुरुजींनी मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी आनखी काय सोडू?" त्यांनी पुढे विचारलं नाही.

सोडणं म्हणजे न खाणं, एवढंच मला वाटलं होतं. पण त्यानंतरच्या दिवसांत स्टॅंडवर सीताफळांचे ढीग लागले आणि रोज शाळेत जाताना त्यांच्या समोरून जावं लागलं, तेव्हा कळलं की सोडलेली वस्तू आपल्याला रोज भेटते. न सोडलेल्या वस्तू अशा भेटत नाहीत.

पुढच्या वैशाखात मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं. करण्याआधी ते जळगाव जामोदला आमच्या घरी आले होते. खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि बराच वेळ पावसाबद्दल, सोयाबीनबद्दल बोलत राहिले. शेवटी आईनेच विषय काढला आणि म्हणाली, करा, तुमचं वय आहे. मी आत भांडी घासत होते. घासून झालेली भांडी मी पुन्हा घासली.

इथे आमची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. पहिली गेली आणि जावयाने दुसरी केली, तर ती दुसरी पहिलीच्या आईबापांची लेक होते. तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती टाक घालून या घरी येते आणि हे घर तिचं माहेर होतं. लहानपणी शेजारच्या एका आजीकडे अशी लेक येताना मी पाहिली होती आणि तेव्हा मला ते गोष्टीतल्यासारखं सुंदर वाटलं होतं. आपल्या घरात ती गोष्ट आली की तिचा अर्थ वेगळा होतो.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मेहुणे तिला घेऊन आले आणि चहा पिऊन लगेच परत गेले. चार दिवसांनी न्यायला येतो म्हणाले. ती दारात उभी होती, हातात कापडी पिशवी. पंचविशीची असेल. सावळी, उंच, माझ्या बहिणीसारखी कुठूनच नव्हती. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढली. मामाने लग्न लावून दिलं आणि त्यानंतर तिला एकदाही बोलावलं नाही, हे आम्हाला मेहुण्यांकडूनच कळलं होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती ओटा पुसत होती तेव्हा आईने मला मागच्या अंगणात बोलावलं. म्हणाली, "हे आता आली ते जावयानं आनून सोडली म्हून. हे काही येनं नाही. माहेरून कोनी आनाले गेलं, तरच ते माहेर. माह्या गुडघ्यानं मेहकर होत नाही. दिवाळीले तिले आनाले जायचं का नाही, ते तू ठरव. तू गेली नाही तरी मी तुले काही म्हननार नाही."

मी दोरीवरचे कपडे काढायला लागले. आई म्हणाली, "उद्या तिले धारेवर घेऊन जाय."

धार म्हणजे आमच्या उत्तरेला सातपुड्यात असलेला एक धबधबा. त्याला दुसरं नाव असेल तर मला माहीत नाही. गुराखी त्याला धार म्हणतात म्हणून आम्हीही. दसऱ्याच्या सुट्टीत बहीण माहेरी यायची आणि आम्ही दोघी एक दिवस तिकडे जायचो, न चुकता. ती गेल्यापासून मी त्या वाटेला गेले नव्हते. आईला हे ठाऊक होतं. तरी तिने सांगितलं, आणि मी सकाळी भाकरी बांधल्या.

रिक्षा नेहमीच्या चाचांची. आमच्या शाळेच्या मुलींना ते वीस वर्षांपासून नेतात, दरवर्षी आम्हा दोघी बहिणींना धारेच्या पायथ्याच्या गावापर्यंत तेच न्यायचे. नव्या पोरीला त्यांनी एकदा आरशात पाहिलं, नजर काढून घेतली आणि गावाबाहेर पडेपर्यंत गप्प राहिले. एवढा वेळ गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नाही. सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, रस्त्यावर भुसा उडत होता. मग त्यांना राहवेना. मेहकरवाल्याइले पानी म्हंजे नळाले येते तेवढंच माहीत, असं ते मला उद्देशून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले.

ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "आमच्या नळाले गोड तरी येते, चाचा. तुमच्या गावात काल मी डाळ शिजवून राह्यली होती, ते शिजताच शिजेना."

चाचा इतके हसले की रिक्षा एका बाजूला गेली. बोलली ते खरंच होतं. आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि लहानपणी तर आमच्या विहिरीच्या पाण्यात चहाचं दूध हमखास नासायचं. मग चाचा तिला रस्ताभर गावं दाखवत राहिले, आणि मी बाहेर पाहत राहिले.

शेवटच्या गावात निंबाखाली रिक्षा लावून चाचा तिथेच थांबले. थर्मासमधला त्यांच्या वाटणीचा चहा मी त्यांना ओतून दिला. तिथून पुढे तासाभराची पायवाट, नाल्याच्या काठाने. वाट मला पाठ होती. कुठे दगड हलतो, कुठे पाणी ओलांडायचं, कुठे माझी बहीण दम लागल्याचं सोंग करून बसायची, सगळं. नवी पोर माझ्या मागून चालत होती, चार पावलांचं अंतर राखून. मी थांबले की थांबायची.

उतारावर सीताफळांची झुडपं सुरू झाली. डोळे उघडलेली फळं खालपर्यंत लोंबत होती, काही झाडावरच पिकून पाखरांनी फोडलेली. तिने पिशवीतून रिकामी थैली काढली आणि तोडायला लागली. एकेक फळ अंगठ्याने दाबून पाहत होती. मी पुढे उभी राहून तिची वाट पाहिली. एक छानसं फळ फोडून तिने अर्धं माझ्यासमोर धरलं.

"मी खात नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःही न खाता ते अर्धुक दुसऱ्या अर्ध्यावर मिटून थैलीत ठेवलं. थैली मात्र तिने भरली. म्हणाली, घरी मायले होतील. आईला ती काल आल्यापासूनच माय म्हणत होती.

पुढच्या वाटेवर ती थोडं बोलली. मामाच्या घरी अकरा माणसं. पहाटे उठून सगळ्यांचा चहा तिच्याकडे. सगळ्यांना देऊन झाला की शेवटचा कप घेऊन ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायची. दिवसभरात बसणं तेवढंच. नंतर रात्री पाठ टेकेपर्यंत पायावर. कोणाविषयी तक्रार म्हणून ती हे सांगत नव्हती. मी ग्रंथालयात दिवसभर काय करते असं विचारलं होतं तिने, मी बसते असं सांगितलं होतं, त्यावरून निघालं.

धार आधी ऐकू येते आणि बरीच चालून झाल्यावर दिसते. दोन मजली घराएवढी उंची असेल. काळ्या कातळावरून पाणी उतरतं, मध्ये एका बाहेर आलेल्या दगडावर आपटून फुटतं आणि खाली डोहात पडतं. ऑक्टोबरात पाणी कमी झालेलं असतं, पण स्वच्छ असतं. त्या दिवशीही तसंच होतं. मला वाटलं होतं की इथे पोचल्यावर मला काहीतरी होईल. काही झालं नाही. पाणी पडत होतं. आम्ही बसायचो तो सपाट दगड तिथेच होता, त्यावर शेवाळ सुकलेलं.

ती पाण्याकडे गेली, पाय धुतले, तोंड धुतलं. मग गळ्यातला टाक दोऱ्यासकट काढला, हात लांब करून धारेच्या कडेच्या पाण्यात धरला, बोटाने घासला, पदराने पुसला आणि पुन्हा गळ्यात घातला. रोज आंघोळीनंतर करत असेल तसं, सवयीने. वळली तेव्हा मी पाहत होते हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "त्या ताईले ही जागा लय आवडे म्हने. हे सांगत होते." ती मला ताई म्हणत होती आणि बहिणीला त्या ताई. आणि हे म्हणजे माझे मेहुणे.

हे त्यांना माहीत होतं, याचं मला बरं वाटलं. आणि थोडं वाईटही.

आम्ही जेवलो. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. जेवण झाल्यावर मी थर्मास उघडला, दोन कप भरले आणि एक तिच्यापुढे केला.

"नको ताई."

"काऊन? भाकरीवर जड होईन?"

"नाही. मी चहा सोडला."

कोणासाठी, हे मला कळलं होतं. तरी मी विचारलं.

"त्या ताईसाठी. टाक घातला तवा सासूबाईनं म्हनलं, तिले आवडे असं एक काही सोड. मी याइले इचारलं, त्याइले काय आवडे? हे म्हनले, चहा."

मी तिच्यासाठी भरलेला कप दगडावर ठेवला आणि माझा प्यायले.

माझी बहीण चहा पीत नव्हती. लहानपणी नासलेल्या दुधाचा चहा ओकली, तेव्हापासून तिला त्याचा वासही चालत नसे. पाहुणे आले की ती चहाचं काम माझ्याकडे द्यायची आणि स्वतः अंगणात निघून जायची. माहेरी यायची तेव्हाही नाही. या दगडावर बसून मी एकटीच थर्मास संपवायचे आणि ती नाक मुरडून माझ्या वरच्या बाजूला, वारा येईल तिकडे बसायची. आठ वर्षांच्या संसारात नवऱ्याला हे ठाऊक नसावं? की मेहकरच्या गोड पाण्यात तिला चहा आवडायला लागला होता, आणि ठाऊक नसलेली मीच होते? इथे ती चार-आठ दिवस असायची. बाकीचे तिकडे. तिचे सगळे दिवस माझे होते असं मी धरून चालले होते.

हे सगळं मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही.

का बोलले नाही ते लिहायला मला बरेच दिवस लागले. आधी मी स्वतःला सांगितलं की तिचा व्रतभंग कशाला करा, तिच्या मनाची श्रद्धा आहे. ते खरं नव्हतं. खरं असं की, ती माझ्या बहिणीच्या घरात राहते, तिच्या डब्यांतलं पीठ मळते, तिच्या माणसाला हे म्हणते, आता तिच्या आईला माय म्हणते. तिचं काहीतरी जाऊ दे, असं मला वाटलं. तिला सगळ्यात आवडणारी वस्तू गेली आहे, चुकीची का असेना, जाऊ दे. आणि हे मनात आलं त्याच वेळी दिवाळीचंही ठरल्यासारखं झालं. चार दिवस झाले की मेहुणे तिला नेतील. मी आणायला जाणार नाही. आई काही म्हणणार नाही.

दगडावरचा चहा गार झाला. तिने तो नाल्यात ओतला, कप विसळून दिला आणि आम्ही निघालो. उतरताना ती पुढे होती आणि मी मागे.

पायथ्याच्या गावात चाचा एका हॉटेलसमोरच्या बाकावर बसले होते. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर आणि चूल, चालवणारी एक बाई. तिने न विचारता तीन चहा टाकले. डोंगराच्या झऱ्याचं पाणी, गोड. वास लांबून येत होता. कप आले तेव्हा माझ्या चपलेचा पट्टा निघाला होता. मी वाकले आणि माझा कप पोरीच्या हातात दिला, धर म्हणून.

पट्टा लावून मी मान वर केली. तिने कप दोन्ही तळव्यांत धरला होता. हनुवटीजवळ नेला होता आणि डोळे मिटून वाफ घेत होती. पीत नव्हती. मी पाहते आहे हे तिला कळलं नाही. कप मामाच्या घरच्या उंबऱ्यावर धरत असेल तसाच धरलेला होता.

चाचा म्हणाले, "तुहा कप गार होऊन राह्यला न बेटा. घे. काऊन नाही घेत? आमची पह्यली बेटी बी अशीच होती, चहा म्हनलं का..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले आणि बशीवर फुंकर घालायला लागले. ते थांबले म्हणून आता सांगायला मीच उरले. तिने डोळे उघडून माझा कप माझ्याकडे केला. मी तो घेतला नाही.

"ऐक," मी म्हणाले. "तिले चहा आवडत नसे. ते पीतच नव्हती."

ती कप तसाच धरून राहिली. "मंग हे काऊन म्हनले?"

"मले नाही माहीत. मेहकरले पीत असंन तर तेही मले नाही माहीत. इथं कधी पेली नाही."

मग हळू म्हणाली की सासूबाई सांगतात, त्या ताई सकाळी याइच्यासंग कप घेऊन बसत, तुळशीपाशी. रोज.

"बसत, का पीत?"

"ते कोनी पाह्यलं?"

चाचा बशीतून वर न पाहता म्हणाले, "तुळशीले इचारा. तिनंच पेला असंन."

आधी हॉटेलवाली बाई हसली. तिला काही माहीत नव्हतं, तरी. मग पोर हसली, आणि मग मी. वर्षाच्या वर झालं होतं मला तसं हसून. माझ्या डोळ्यांसमोर माझी बहीण आली, नवऱ्याचं लक्ष नाही पाहून कप तुळशीत उलटा करणारी, आणि पुन्हा रिकामा कप हातात धरून त्याच्याशी गोष्टी करत बसणारी. खरं-खोटं कोण सांगणार? पण ते तिलाच शोभणारं होतं. आठ वर्षं रोज ती त्याच्यासोबत बसली, एवढं तर खरं.

हसणं ओसरल्यावर त्या पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "मंग आता मी काय सोडू? काय आवडे त्याइले?"

"सीताफळ."

तिने पायाशी ठेवलेल्या थैलीकडे पाहिलं. "मंग मी तेच..."

"ते मी सोडलं," मी म्हणाले. "एका मानसासाठी एका घरातून एक पुरे."

बोलून गेल्यावर मला ते वाक्य ऐकू आलं. तिलाही आलं असावं, कारण तिने खाली पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. चाचा रिक्षाचं काहीतरी पाहायला उठून गेले. मग मी तिला सांगितलं की मी मोठी आहे, माझं ऐकायचं, चहा घ्यायचा. आणि दिवाळीला धनतेरसच्या आधी मी तिला आणायला मेहकरला येईन, तयार राहायचं.

ती मान डोलावून "हाव" म्हणाली. माझा कप तिच्या हातात होता, तोच ती प्यायली. घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत. तिच्यासाठी टाकलेला मी घेतला. तो गार झाला होता.

घरी आल्यावर तिने सीताफळं आईच्या पुढ्यात ओतली. आईने एक उचललं, फोडलं आणि खाल्लं. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, धनतेरसच्या आधी जाते. आईने बी ताटाच्या कडेला ठेवली आणि दुसरं फळ घेतलं.

त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही वेळा मी मेहकरला जाऊन तिला घेऊन आले. ती सकाळी आमच्या मागच्या दारात बसून चहा पिते. आता नळाला दुसरीकडचं पाणी येतं, दूध नासत नाही. धारेवर आम्ही दसऱ्याला जातो. मी सीताफळ खात नाही.